निरीक्षक एकटा पडू नये म्हणून



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत, त्यांची सारी नोकरी या गावाच्या नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून झाली. या पदावरच्या माणसाच्या नावाने व्याख्यानमाला चालावी, असे आपल्याकडे फारसे घडत नाही. पुढारी, साहित्यिक, शिक्षक यांच्या नावाने माला चालतात आणि त्या चालायलाच हव्यात. पण गावाचे पाणी, गटारे, खाणावळी आणि कचरा ज्याने आयुष्यभर सांभाळला, त्याचे स्मरणही या गावाला करावेसे वाटले, याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच त्यांच्या व्यवसायाबद्दल, आणि त्या व्यवसायातल्या माणसांना संघटना का लागते याबद्दल, मी आज बोलणार आहे.

पर्यावरणीय आरोग्याचे कर्मचारी म्हणजे कोण? पहाटे हजेरीशेडवर उभा राहून मुकादमाकडून हजेरी तपासणारा स्वच्छता निरीक्षक. घरोघर फिरून पिंपातल्या अळ्या शोधणारा आणि त्यात ॲबेट हे अळीनाशक टाकणारा आरोग्य सेवक. गावाच्या टाकीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकून ओटी टेस्टने पाण्यातले क्लोरीन तपासणारा जलसुरक्षक. हॉटेलच्या भटारखान्यात शिरून फ्रीज उघडायला लावणारा अन्न सुरक्षा अधिकारी. ओला आणि सुका कचरा हाताने वेगळा करणारी कचरावेचक बाई. ड्रेनेजच्या चेंबरपाशी दोर घेऊन उभा असलेला कामगार. यांची पदे, पगार आणि प्रतिष्ठा एकमेकांपासून फार दूर आहेत. काम मात्र एकच आहे. रोग माणसापर्यंत पोहोचण्याआधी तो वाटेत अडवायचा. रोग बरा करणाऱ्याचे आभार मानायला रुग्ण तरी असतो. न आलेली साथ मात्र कुणाच्याच नावावर जमा होत नाही.

या कामाचा गाभा ‘नाही’ म्हणण्यात आहे. या विहिरीचे पाणी पिण्यायोग्य नाही. हे हॉटेल आज उघडणार नाही. या चेंबरमध्ये आज माणूस उतरणार नाही. असा प्रत्येक नकार कुणाच्या तरी पैशाला, प्रतिष्ठेला किंवा मतपेटीला झळ लावतो. ज्यांना झळ लागते, त्यांचा शब्द बहुधा त्याच कार्यालयात चालत असतो, जिथून या कर्मचाऱ्याचा पगार निघतो आणि बदलीचा आदेशही निघतो. कायदा त्याला अधिकार देतो. पण कायद्याचे पुस्तक त्याच्या शेजारी येऊन उभे राहत नाही. त्याच्या शेजारी उभी राहते ती त्याच्या व्यवसायबंधूंची संघटना. मात्र हे बळ तिला फुकट मिळत नाही. ती आपल्याच सभासदांशी किती कठोर वागते, यावर तिच्या शब्दाची किंमत ठरते. आधार देणारी आणि अंकुश ठेवणारी संस्था एकच असली पाहिजे, एवढेच मला आज पटवून द्यायचे आहे.

लिव्हरपूलची तळघरे

या व्यवसायाचा आधुनिक इतिहास इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात सुरू होतो. १८४२ साली समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी ब्रिटनमधल्या कष्टकरी वर्गाच्या राहणीवर आपला प्रसिद्ध अहवाल मांडला. त्यात मृत्यूच्या वेळचे सरासरी वय वर्गवार दिले होते. लिव्हरपूलच्या सुखवस्तू घरांत ते ३५ वर्षे होते, व्यापाऱ्यांमध्ये २२ आणि मजुरांमध्ये अवघे १५. इतकी लहान मुले दगावत होती, की सरासरी तिथवर खाली आली होती. रटलंड या ग्रामीण परगण्यात मजुराचे हेच वय ३८ होते. म्हणजे खेड्यातला गरीब मजूर लिव्हरपूलच्या श्रीमंतापेक्षा जास्त जगत होता. माणूस कुठे राहतो, काय पितो आणि त्याची घाण कुठे जाते यावर त्याचे आयुष्य ठरते, हे या आकड्यांनी उघड केले.

१८४४ साली लिव्हरपूलने टॉमस फ्रेश यांना उपद्रव निरीक्षक नेमले. या पदावरची ही पहिली नेमणूक मानली जाते. १८४६ मध्ये शहराने स्वतःचा स्वच्छता कायदा करून घेतला आणि १८४७ पासून डॉ. विल्यम हेन्री डंकन हे आरोग्य अधिकारी, जेम्स न्यूलँड्स हे नगर अभियंता आणि फ्रेश हे निरीक्षक असे तिघे कामाला लागले. डॉक्टर, अभियंता आणि निरीक्षक ही त्रयी आजही प्रत्येक शहराला लागते. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या दुष्काळाने होरपळलेली सुमारे ३ लाख माणसे त्या बंदरात उतरली आणि अंधाऱ्या, ओल्या तळघरांत दाटीने राहू लागली. टायफस पसरला. तळघरे मोजणे, ती राहण्यास अयोग्य ठरवणे आणि रिकामी करून घेणे हे निरीक्षकांचे काम. भाडे वसूल करणारा मालक एका बाजूला आणि दुसरीकडे जायला जागा नसलेला भाडेकरू दुसऱ्या बाजूला. निरीक्षकावर दोघेही नाराज. या व्यवसायाची ही कोंडी पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढे १८४८ आणि १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यांनी अशी पदे देशभर पसरली. १८७५ नंतर प्रत्येक स्थानिक स्वच्छता मंडळाला निरीक्षक नेमणे भाग पडले. पण त्या मंडळांवर बसत कोण? घरमालक, दुकानदार, खाटीकखान्याचे मालक. ज्यांची तपासणी करायची, तेच नेमणूक करणार आणि तेच पगार ठरवणार. पुष्कळ ठिकाणी हे पद अर्धवेळ होते आणि त्यासाठी कसलीही ठरावीक पात्रता नव्हती.

दोन उत्तरे

१८८२ साली नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांचे ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ हे नाटक प्रसिद्ध झाले. सत्यजित रायांनी १९८९ मध्ये त्यावरूनच ‘गणशत्रु’ हा चित्रपट केला. तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गावाच्या स्नानगृहांचे पाणी दूषित आहे, असे एका डॉक्टरच्या लक्षात येते. त्याचा सख्खा भाऊच नगराध्यक्ष. गावाचा धंदा त्या पाण्यावर चाललेला. वर्तमानपत्र आधी डॉक्टरच्या बाजूने असते, मग फिरते. भर सभेत गाव त्याला लोकशत्रू ठरवते आणि शेवटी तो एकटेपणातच आपले बळ शोधतो.

नाटक म्हणून हा शेवट थोर आहे. पण व्यवसायाची घडी अशा शेवटावर बसवता येत नाही. प्रत्येक नगरपालिकेला इब्सेनचा डॉक्टर कुठून मिळणार? आणि मिळाला तरी त्याच्या एकटेपणाने पाणी शुद्ध होत नाही. नाटकात गाव तेच दूषित पाणी वापरत राहते.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, इंग्लंडमधल्या निरीक्षकांनी सार्वजनिक स्वच्छता निरीक्षकांची संघटना स्थापन केली आणि १८८४ मध्ये वृद्ध चॅडविक तिचे पहिले अध्यक्ष झाले. आज चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ या नावाने ओळखली जाते, ती हीच संस्था. इब्सेनचे नाटक आणि या संघटनेची स्थापना यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण सत्य सांगणारा माणूस एकटा पडतो या एकाच दुखण्यावर एका वर्षाच्या अंतराने आलेली ही दोन उत्तरे मला फार बोलकी वाटतात. एक उत्तर वीराचे आहे. दुसरे साध्या, प्रपंच सांभाळून प्रामाणिक राहू पाहणाऱ्या माणसाचे आहे. आपल्याला या दुसऱ्या उत्तराची गरज आहे.

या उत्तराला फळ यायला पिढ्या लागल्या. पात्रतेच्या परीक्षा रूढ झाल्या. १९२१ च्या कायद्याने निरीक्षकांच्या नोकरीला संरक्षण मिळाले. स्थानिक मंडळाच्या मर्जीवर त्यांना काढून टाकणे अवघड झाले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुके साचले आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, तेव्हा त्याची अंमलबजावणी घरोघरच्या चुलींपर्यंत नेण्यासाठी प्रशिक्षित निरीक्षकांची फळी तयार होती. १९८४ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली.

यात स्त्रियांचा वाटा वेगळा सांगितला पाहिजे. १८९६ साली लंडनमधल्या मोजक्या स्त्री स्वच्छता निरीक्षकांनी आपली स्वतंत्र संघटना उभी केली. कारखान्यातल्या मुलींची शौचालये, बाळंतिणीची खोली, तान्ह्या बाळाचे दूध या गोष्टी त्यांच्या तपासणीत आल्या आणि त्या कामातूनच आरोग्यभेटी देणाऱ्या परिचारिकांचा पेशा वाढला. तपासणारी माणसे बदलली, तेव्हा काय तपासायचे तेही बदलले.

पात्रता आणि आवाज

संघटना नसली, किंवा असून कामाची नसली, तर काय होते याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही श्रीमंत देशांतली आहेत.

पहिले कॅनडातले. ऑन्टारिओ प्रांतातले वॉकर्टन हे सुमारे ५ हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला आणि शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. ई. कोलाय या जंतूचा घातक प्रकार नळातून घरोघर गेला. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, ७ जण मरण पावले. न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीत जे बाहेर आले, ते आपल्याकडच्या प्रत्येक पाणीपुरवठा विभागाने वाचावे असे आहे. पुरवठा सांभाळणारे कर्मचारी वर्षानुवर्षे क्लोरीन कमी टाकत होते आणि नोंदवहीत तपासणीचे खोटे आकडे लिहीत होते. त्यांच्याकडे प्रमाणपत्रे होती. पण ती परीक्षा घेऊन दिलेली नव्हती, जुने कर्मचारी म्हणून आपोआप मिळालेली होती. खासगी प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचे त्यांना कळवले, आरोग्य विभागाला नाही. आरोग्य विभागाने फोन करून विचारले, तेव्हा पाणी ठीक असल्याचे उत्तर मिळाले. पाणी उकळून पिण्याची सूचना निघेपर्यंत मोलाचे दिवस हातून गेले होते.

जंतू नेमके काय करतात हे त्या कर्मचाऱ्यांना कुणी नीट शिकवलेच नव्हते. क्लोरीनचा वास लोकांना आवडत नाही, पाणी तर स्वच्छ दिसते, आपण स्वतःही तेच पितो, मग बिघडले कुठे, अशी त्यांची समजूत होती. अशी समजूत मोडून काढणे हे व्यावसायिक संघटनेचे काम आहे. प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरते राहू नये. दर काही वर्षांनी ते ज्ञान पुन्हा पारखले जावे, आणि खोटी नोंद करणाऱ्याला व्यवसायात जागा राहू नये.

आपल्या खेड्यांतही हेच घडू शकते. ताज्या टीसीएल पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, दमट झाले, की ते घटत जाते. पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नव्हे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, आणि ओटी टेस्टच्या नळीत पिवळा रंग दिसला पाहिजे. जलसुरक्षकाला हे कारणासकट समजले असेल, तर तो मुदत संपलेल्या पावडरीचे पोते सही करून घेणार नाही. आपल्या राज्यात पावसाळ्याआधी आणि नंतर पाणीस्रोतांचे सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना जोखमीनुसार हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. ही फार चांगली पद्धत आहे. पण लाल कार्ड लिहिणाऱ्या आरोग्य सेवकाला सरपंचाचा फोन येतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कोण असते?

दुसरे उदाहरण याच प्रश्नाचे आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घ्यायला सुरुवात केली. नळांची झीज रोखणारे रसायन त्यात घातले गेले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. केंद्रीय पर्यावरण संस्थेतले तज्ज्ञ मिगेल डेल टोरल यांनी जून २०१५ मध्ये धोक्याचा लेखी इशारा दिला. राज्याच्या अधिकाऱ्यांनी तो झटकून टाकला. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांनी नमुने तपासले, डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी सप्टेंबरमध्ये मुलांच्या रक्तातल्या शिशाची वाढ जगासमोर मांडली, तेव्हा त्यांच्यावरही आधी टीकाच झाली. ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले. दरम्यान मुलांच्या शरीरात गेलेले शिसे परत घेता येण्याजोगे नव्हते.

फ्लिंटमध्ये माहिती होती, माहिती सांगणारा माणूसही होता. त्याचे म्हणणे वेळेवर ऐकले जावे अशी व्यवस्था नव्हती. डेल टोरल यांचे टिपण बाहेर आले म्हणून पुढचे घडले. हे नशिबावर सोपवायचे नसेल, तर धोक्याचा लेखी इशारा वरिष्ठांकडे गेला, की त्याची प्रत व्यवसायाच्या मान्यताप्राप्त संघटनेकडेही जाईल आणि संघटना ठरावीक दिवसांत उत्तर मागेल, अशी रीत बसवली पाहिजे.

आपल्या मातीतले धडे

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो मूळ गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. पुढे शहर रिकामे होऊ लागले. त्या धामधुमीत महापालिका आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती होती ती झाडूवाले आणि मैला वाहणारे हलालखोर शहर सोडून जातील याची. सक्तीने रुग्णालयात नेण्याच्या भीतीने ते निघून गेले, तर मुंबई जगणारच नाही, हे त्यांनी आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे. समाजाने ज्यांना सर्वांत खालची जागा दिली होती, त्यांच्या हातात शहराचे प्राण होते. ते हात जातीने ठरवलेले होते, ही आपल्या इतिहासातली लाज आहे आणि ती अजून पुरती संपलेली नाही.

पुण्याने दुसरा धडा दिला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. सैनिकांच्या तुकड्या घरात शिरून झडत्या घेऊ लागल्या, सामान बाहेर फेकले गेले, देवघरे आणि माजघरे विटाळली असे लोकांना वाटले. २२ जून १८९७ च्या रात्री या मोहिमेचे प्रमुख अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. या इतिहासाची राजकीय बाजू आपण शाळेत शिकतो. आरोग्याची बाजू अशी, की विश्वासाशिवाय तपासणी केली, तर लोक रुग्ण लपवतात, आणि रुग्ण लपले की साथ वाढते. घरात शिरण्याचा अधिकार मागणाऱ्या व्यवसायाने, घरात कसे वागायचे याची आचारसंहिता स्वतःहून लिहिली पाहिजे. ती वरून आली तर हुकूम होते. व्यवसायातून आली तर ती त्या व्यवसायाची अब्रू होते.

महाराष्ट्रात प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९२६ मध्ये मुंबईत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन झाली आणि तिच्या स्वच्छता निरीक्षक अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली माणसे आज गावोगावच्या नगरपालिकांत आहेत. हक्कांच्या लढ्याची परंपराही जुनी आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. पगार, निवृत्तिवेतन, कायम नेमणूक, वारसा हक्क यासाठी झगडणाऱ्या युनियन आपल्याकडे आहेत आणि त्यांची गरज तसूभरही कमी झालेली नाही. उपाशी पोटी कुणी व्यवसायनिष्ठा पाळू शकत नाही. पण युनियन मालकाकडे मागते. व्यावसायिक संघटना स्वतःकडेही मागते. ज्ञान मागते, सचोटी मागते, समाजापुढे हिशेब देण्याची तयारी मागते. ही दुसरी बाजू आपल्याकडे दुबळी राहिली आहे. संघटनेच्या बैठकीत बढती आणि बदली यांवर तास जातात. गेल्या वर्षी आपल्या शहरात काविळीचे रुग्ण कोणत्या वस्तीत वाढले आणि का, हा विषय क्वचित निघतो.

ही दुसरी बाजूही बळकट होऊ शकते, याचा दाखला पुण्यातच आहे, आणि तो दिला आहे या साखळीतल्या सर्वांत कमी शिकलेल्या, सर्वांत कमी कमावणाऱ्या बायकांनी. १९९३ मध्ये बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचकांना महापालिकेकडून मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. पोलिसांनी चोर म्हणून हटकायचे दिवस कमी झाले. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

मला सांगायची आहे ती त्यांची सॅनिटरी पॅडबाबतची मोहीम. वापरलेले पॅड उघडेच कचऱ्यात टाकले जातात आणि या बायकांना ते हाताने वेगळे करावे लागतात. त्यातून संसर्गाचा धोका आणि रोजचा अपमान. पंचायतीने नुसती तक्रार केली नाही. ‘स्वच्छ’ने जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या तयार केल्या. सभासदांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले आणि विचारले, हे गुंडाळायला तुम्ही काय देता? पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे घरोघर समजावले. एप्रिल २०१६ मध्ये घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आले, त्यात पॅडसोबत गुंडाळायला पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. नियमाची अंमलबजावणी अपुरी राहिली. पण हातांना जे कळले, ते देशाच्या नियमापर्यंत पोहोचवण्याची वाट या संघटनेने दाखवली. पदवीधर निरीक्षकांच्या संघटनेला यापेक्षा कमी करून कसे चालेल?

संघटनेने काय करावे

आता थेट सूचनांकडे येतो.

पहिली गोष्ट, संघटनेने आपल्या सभासदांचे शिक्षण चालू ठेवावे. ज्याने वीस वर्षांपूर्वी पदविका घेतली, त्याला आज डेंग्यूच्या डासाच्या सवयी, जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम, सांडपाण्याच्या नमुन्यांतून साथ ओळखण्याच्या पद्धती माहीत हव्यात. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गियां-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. संख्या दोनशेच्या वर गेली आणि रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. संशयाची सुई पाण्याकडे वळली. शहरात नव्याने आलेल्या गावांच्या विहिरी, टँकर, खासगी शुद्धीकरण केंद्रे हे सारे एका रात्रीत तपासावे लागले. असे प्रसंग पुढेही येणार आहेत, आणि त्यांची तयारी साथ नसताना करायची असते.

दुसरी गोष्ट, संघटनेने आपली आचारसंहिता लिहावी आणि ती मोडणाऱ्या सभासदावर स्वतः कारवाई करावी. भटारखाना न बघता शेरा मारणारा, नमुना न घेता नोंद करणारा, हप्ता घेऊन डोळेझाक करणारा माणूस शेकडो प्रामाणिक सहकाऱ्यांचा शब्द स्वस्त करतो. त्याला वाचवणारी संघटना उद्या खऱ्या पीडित सभासदासाठी उभी राहिली, तरी लोक तिचे ऐकणार नाहीत.

तिसरी गोष्ट संरक्षणाची. नियमाने वागलेल्या सभासदाची सुडाने बदली झाली, त्याच्यावर हात उचलला गेला, खोटी तक्रार झाली, तर संघटनेने वकील द्यावा, पत्रकार परिषद घ्यावी, त्याच्या घरी जावे. त्याने दिलेला प्रत्येक नकार लेखी असावा, कारणासह असावा, आणि त्याची नोंद संघटनेकडे असावी.

चौथी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात माणूस मेला तर त्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. तरीही चेंबरमध्ये गुदमरून माणसे मरतात. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वाटते, वायू गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. संघटनेने एक ठराव करावा आणि तो महाराष्ट्रभर पाळावा: आमचा कोणताही सभासद, कोणाच्याही दबावाखाली, माणसाला चेंबरमध्ये उतरवण्याच्या कागदावर सही करणार नाही. एकट्याने सही नाकारली तर दुसरा सही करील. सगळ्यांनी मिळून नाकारली, तर यंत्र आणावेच लागेल.

पाचवी गोष्ट, दार मोठे ठेवावे. निरीक्षक वेगळा, मुकादम वेगळा, कंत्राटी सफाई कामगार वेगळा, कचरावेचक तर मोजणीतच नाही, अशी उतरंड संघटनेने आपल्या घटनेत आणू नये. आपल्या समाजात या उतरंडीला जातीचा आधार आहे, म्हणून ती मोडणे हे संघटनेचे नैतिक काम आहे आणि उपयोगाचेही. पाइप कुठे फुटला आहे, कोणत्या हॉटेलचे तेल गटारात येते, कोणत्या वस्तीत अतिसार वाढला आहे, हे सर्वांत आधी त्यालाच कळते ज्याचे हात तिथे असतात.

आणि शेवटची गोष्ट. संघटनेने दरवर्षी आपल्या शहराच्या आरोग्याचा एक अहवाल मराठीत, साध्या भाषेत प्रसिद्ध करावा. किती नमुने घेतले, किती नापास झाले, कोणत्या तक्रारी सुटल्या, कोणत्या अडल्या आणि कुठे अडल्या. चॅडविकच्या आकड्यांनी एका देशाचे डोळे उघडले. आपल्या प्रभागाचे आकडे आपले उघडतील.

श्रोतेहो, आपल्यापैकी जे या व्यवसायात नाहीत, त्यांनाही माझे एक मागणे आहे. निरीक्षक आपल्या आवडीचे हॉटेल बंद करतो, आपल्या सोसायटीच्या टाकीला नापास शेरा देतो, आपल्या अंगणातले पाणी ओतून टाकायला सांगतो, तेव्हा ओळखीचा नगरसेवक शोधू नका. त्याला कारण विचारा. कारण पटले तर त्याच्या बाजूने उभे राहा, आणि ते लेखी कळवा. नगरपालिकेला त्याच्याविरुद्धची पत्रे पुष्कळ मिळतात. त्याच्या बाजूचे पत्रही तिच्या फाइलला लागले पाहिजे.

आणि जे या व्यवसायात आहेत, त्यांना सांगतो: आपल्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पगारवाढीच्या विषयाखाली आचारसंहिता, प्रशिक्षण आणि चेंबरचा ठराव हे तीन विषय लिहा. पगारासाठी तुम्ही लढाल, तेव्हा समाज तुमच्याकडे सहानुभूतीने बघेल. या तीन विषयांसाठी लढाल, तेव्हा तो तुमच्यामागे येईल. कारण त्या लढ्यात जे पाणी, जे अन्न आणि जे प्राण वाचणार आहेत, ते त्याचे स्वतःचे आहेत.